बाप म्हटलं की भीती वाटते, त्यांनी देवाला पिता कसं म्हणावं

आमच्या महिला मंडळात एकेकीवर प्रार्थनेची पाळी आली की बहुतेक जणी ‘हे प्रभू येशू’ म्हणून सुरुवात करतात आणि थेट ‘आमेन’ला थांबतात. मधे पित्याचं नाव नाही. प्रभूची प्रार्थना, म्हणजे ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, सगळ्यांबरोबर म्हणतात, कारण ती तोंडपाठ आहे. पण एकटीने, आपल्या शब्दांत ‘बापा’ अशी हाक मारायची म्हटली की जीभ अडते. येशूला केलेली प्रार्थना पित्यापर्यंत पोचतेच, त्यात पाप काही नाही. तरी येशूने शिष्यांना प्रार्थना शिकवली ती पित्याला हाक मारूनच, आणि तो स्वतः जन्मभर याच नात्यात जगला. तेच नातं त्याने आपल्याला मोकळं करून दिलंय. ते न घेता राहणाऱ्या बायका पाहिल्या की मला फार वाईट वाटतं.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. आता निवृत्त आहे आणि मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, बायका-मुलींबरोबर प्रार्थनेला बसते. अहिल्यानगर जिल्ह्यातली आमची घरं पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती, बायबलचं वचन लहानपणापासून कानावर पडलेलं. माझे वडील ट्रक चालवायचे आणि प्यायचे. रात्री कडी वाजली की आई आम्हां भावंडांना पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायला सांगायची. रविवारी त्याच वडिलांशेजारी बाकावर बसून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायचं. म्हणून हे लिहिते आहे ते आधी अशा घरांतून आलेल्यांसाठी. ज्यांचा बाप लवकर गेला, सोडून गेला, किंवा घरात असून कधी बोललाच नाही, त्यांच्यासाठीही. ज्यांना चांगला बाप मिळाला त्यांनी देवाचे उपकार मानावेत. त्यांना यातलं बरंचसं आपोआप येतं.

सुरुवात आपल्या बापापासून करू नका

आपल्या वडिलांना डोळ्यांपुढे आणायचं, त्यांचे दोष वजा करायचे, गुण वाढवायचे आणि ‘देव असा असेल’ म्हणायचं, अशी सवय मनाला असते. तसं करू नका. वजा करता करता काही उरत नाही, किंवा जे उरतं त्याचीच भीती वाटते.

फिलिप्प येशूला म्हणाला, ‘प्रभूजी, आम्हांला पिता दाखवा.’ येशू म्हणाला, ‘ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे’ (योहान १४). म्हणजे पिता कसा आहे हे पाहायचं तर शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूच्या चरित्राची पुस्तकं, उघडायचं आणि येशू माणसांशी कसा वागतो ते बघायचं. मी मुलींना मार्काच्या पाचव्या अध्यायापासून सुरुवात करायला सांगते, एकविसाव्या वचनापासून अध्याय संपेपर्यंत. घाई करायची नाही.

याईर हा यहुद्यांच्या सभास्थानाचा अधिकारी. त्याची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकली आहे. एवढा मानाचा माणूस, पण सगळ्यांसमोर येशूच्या पायांवर पडतो आणि काकुळतीने विनवतो. येशू त्याच्याबरोबर निघतो. वाटेत गर्दी. त्या गर्दीत एक बाई आहे, तिला बारा वर्षं रक्तस्राव होतोय. वचन म्हणतं की पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसलं, होतं नव्हतं ते खर्चून बसली, आणि गुण काहीच आला नाही, उलट दुखणं बळावलं. मी स्त्रियांच्या वॉर्डात काम केलंय. अशा बायका मी पाहिल्यात: पांढऱ्या पडलेल्या, जिना चढताना धाप लागणाऱ्या, पिशवीत जुन्या कागदांची चळत घेऊन आलेल्या आणि बरोबर कोणी नाही. त्यात मोशेच्या नियमाप्रमाणे ही बाई अशुद्ध. ती ज्या बिछान्यावर निजेल तोही अशुद्ध (लेवीय १५). ती मागून येते आणि नुसतं वस्त्राला शिवते.

ती बरी होते. गोष्ट तिथे संपवता आली असती. पण येशू थांबतो आणि विचारतो, ‘माझ्या वस्त्रांना कोण शिवले?’ शिष्य म्हणतात, एवढी गर्दी चेंगरते आहे आणि तुम्ही हे काय विचारता? तो तरी सभोवार पाहत राहतो. शेजारी याईर उभा आहे, त्याचा एकेक क्षण मोलाचा. ती बाई भीत भीत, कापत कापत पुढे येते आणि सगळं खरं खरं सांगते. येशू तिला म्हणतो, ‘मुली, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे, शांतीने जा.’

याईराच्या मुलीसाठी पायांवर पडायला बाप होता. या बाईसाठी बोलायला कोणी नव्हतं. तिला येशूने भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत मुलगी म्हटलं. आणि मग याईराच्या घरी जाऊन त्याने त्या मुलीचा हात धरला, तिला उठवलं, आणि घरच्यांना काय सांगितलं? तिला खायला द्या. इतकी आजारी असलेली मुलगी, तिच्या पोटात काही जायला हवं, हे त्या गोंधळात त्याच्याच लक्षात होतं. मी ड्युटीवर असताना हे वचन कितीदा आठवलं असेल.

पिता असा आहे.

हे वाचून झालं की वही काढा आणि एकच ओळ लिहा, ‘पिता…’ अशी सुरू होणारी. पिता गर्दीत मला ओळखतो. पिता माझं सगळं ऐकून घेईपर्यंत थांबतो. दुसऱ्या दिवशी दुसरा प्रसंग: मार्काच्याच पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी, ज्याला येशूने हात लावून बरं केलं. मग लूक १५. असं महिनाभर करा. वही भरत जाते तसं ‘बापा’ म्हणताना डोळ्यांपुढे येणारा चेहरा बदलू लागतो. एका दिवसात नाही होत, आणि कुणी एका रात्रीच्या सभेत होईल म्हणून सांगितलं तर त्यावर विसंबून बसू नका.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिने पुष्कळ नुकसान केलंय. काही जण असं शिकवतात की पिता रागीट, आणि येशू मधे पडला म्हणून आपण वाचलो. दारुड्या बापाच्या घरातल्या लेकरांना हे चित्र फार ओळखीचं वाटतं: बाप मारायला धावतो, आई मधे पडते. मला हे शिकवणं मान्य नाही. देवाने जगावर प्रीती केली म्हणून आपला पुत्र दिला, असं योहान म्हणतो. आणि शेवटच्या रात्री येशूने शिष्यांना स्पष्ट सांगितलं, ‘पिता स्वतः तुमच्यावर प्रीती करतो’ (योहान १६:२७). हे वचन पाठ करा.

बोलायचं कसं

खोलीत जा, दार लाव आणि गुप्त असलेल्या पित्याला प्रार्थना कर, असं येशू म्हणाला. दोन खोल्यांच्या घरात दार लावायला खोली कुठून आणायची? मी स्वयंपाकघरात बसते, ओटा पुसून झाला, गॅसचं बटण बंद केलं, की तिथेच स्टुलावर. होस्टेलमधली एक मुलगी मच्छरदाणीत बसते. एमआयडीसीत जाणारा एक तरुण कंपनीच्या बसमध्ये कानात इअरफोन घालून बसतो, गाणं न लावता, म्हणजे कोणी बोलायला येत नाही. कोणी बघत नाही आणि कोणी मधे हाक मारत नाही, एवढं मिळालं की पुरे. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

मंडळीत प्रार्थना करताना आपण ‘हे सर्वसमर्थ, दयाळू, कृपाळू, कनवाळू स्वर्गीय पित्या’ अशी सुरुवात करतो. तिथे ते शोभतं. एकटं असताना घरी बोलता तसं बोला. ‘बापा, बचत गटाचा हप्ता भरायचाय आणि हातात काही नाही.’ ‘बापा, सासूबाईंना आज फार तोडून बोलले.’ ‘बापा, आज बोलावंसंच वाटत नाही.’ तिसरी प्रार्थनासुद्धा प्रार्थनाच आहे. आपल्याला काय लागतं ते आपण मागायच्या आधीच पित्याला ठाऊक आहे, असं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. तेव्हा त्याला पटवायचं नाही, हातापाया पडून मन वळवायचं नाही. ज्या घरांत बापाचा मूड बघून फीचे पैसे मागावे लागत, तिथून आलेल्यांना ही मोकळीक अंगवळणी पडायला वेळ लागतो.

शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना घ्या, पण घडाघडा नको. रोज एकच मागणी घ्या आणि तिच्यावर थांबा. पहिल्या काळातले ख्रिस्ती लोक ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणत. तुम्हीही सकाळ, दुपार, रात्र म्हणून बघा, दुपारची डब्याच्या वेळी मनातल्या मनात.

‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ इथे खरोखरची गरज मागायची. बायका म्हणतात, एवढ्या-तेवढ्यासाठी देवाला कशाला त्रास? येशूने दिलेलं उदाहरण बघा: मुलाने भाकर मागितली तर त्याला दगड देणारा, मासा मागितला तर साप देणारा कोण आहे? भाकर आणि मासा, गालीलातल्या कोळ्यांच्या घरातलं रोजचं जेवण. त्याहून मोठं काही त्याने उदाहरणाला घेतलं नाही. म्हणून खोलीचं भाडं, बीपीची गोळी, पोराची नोकरी, सगळं नाव घेऊन मागा. जे मिळालं ते त्याच वहीत तारीख घालून लिहा. जे नाही मिळालं तेही लिहा.

‘आमच्या’ हा शब्दही गिळू नका. तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी या प्रार्थनेवर लिहिताना हेच दाखवून दिलं होतं, की एकट्याने प्रार्थना केली तरी ‘माझ्या पित्या’ असं आपण म्हणत नाही. जाऊबाईशी अबोला असेल, तर ‘आमच्या’ म्हणताना तीही त्यात आलीच.

चाकर नव्हे, लेकरू

उधळ्या पुत्राची गोष्ट (लूक १५), वाटणीचे पैसे उडवून परत आलेल्या धाकट्याला बापाने धावत जाऊन मिठी मारली ती, सगळ्यांना पाठ असते. मंडळीत राबणाऱ्यांनी मात्र थोरल्या मुलाचा भाग वाचावा. सतरंज्या घालणारी, चहा करणारी, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी चर्च झाडून घेणारी बाई बहुधा थोरली असते. तो बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय आणि मला साधं करडूसुद्धा दिलं नाही. जन्मभर बापाच्या घरात राहिला आणि स्वतःला चाकर समजला. बाप काय करतो? धाकट्यासाठी धावत गेला तसा थोरल्यासाठीही घराबाहेर येतो, समजूत घालतो आणि म्हणतो, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे.

येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाशातून वाणी झाली, ‘तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे.’ तेव्हा त्याने एकही चमत्कार केलेला नव्हता, एकही प्रवचन दिलेलं नव्हतं. आधी नातं, मग काम. आणि प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की तुम्हांला मिळालेला आत्मा पुन्हा भीतीत घालणाऱ्या दास्याचा नाही, दत्तकपणाचा आहे, त्याच्या योगाने आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो (अब्बा म्हणजे येशूच्या भाषेत बाप). ज्या दिवशी मंडळीचं काही काम केलेलं नाही, उलट कुणाशी भांडण झालंय, त्याच दिवशी हे वचन मोठ्याने वाचा.

स्वतःच्या बापाचं काय करायचं

प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘आमची ऋणे सोड’ (म्हणजे आमचे अपराध क्षमा कर) या मागणीपाशी पुष्कळ जणी रडतात. त्यांना सांगितलेलं असतं की बापाला क्षमा केली नाहीस तर देव तुझं ऐकणार नाही, आणि वर ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ ही आज्ञा.

घरात आत्ता मारहाण होत असेल, तर क्षमेचा विचार नंतर, आधी सुरक्षित जागा. मदतीचे फोन नंबर: मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, तातडीला ११२. पाळकसाहेबांना सांगा, त्यांनी ‘घरातलं घरात मिटवा’ म्हटलं तर दुसऱ्या कुणाला सांगा. मार खात राहणं म्हणजे पित्याची इच्छा पाळणं, असं शास्त्रात कुठेही नाही.

ज्यांच्यासाठी हे सगळं मागे पडलंय त्यांनी असं करावं. क्षमा म्हणजे काही घडलंच नाही असं म्हणणं नव्हे. ऋण सोडायचं तर आधी ते किती होतं हे कळायला हवं. म्हणून पित्यापुढे हिशेब मांडा. मोघम नको, नेमका: दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री घराबाहेर काढलं, आईचं मंगळसूत्र विकलं, लग्नात पिऊन आले. एकेक गोष्ट सांगा, आणि त्या दिवशी जेवढी सोडता येईल तेवढीच सोडा. उरलेली दुसऱ्या दिवसासाठी. स्तोत्र २७ मधलं दहावं वचन याच वेळी वाचायचं: ‘माझ्या आईबापांनी मला सोडले तरी परमेश्वर मला जवळ करील.’ आईबाप सोडतात, हे शास्त्र लपवत नाही.

माझ्या वडिलांचं लिव्हर गेलं तेव्हा शेवटी मीच त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलली. मनात माया दाटून आली वगैरे नाही. हातांना काम येत होतं ते केलं, आणि रात्री पित्याला सांगायचे, आज एवढंच जमलं. त्याने कधी जास्त मागितलं नाही.

बाप हा शब्दच अजून जड जात असेल, तर देवाने स्वतःला आईसारखंही म्हटलंय हे विसरू नका. यशया ६६:१३ काढा: आई सांत्वन करते तसं मी तुमचं सांत्वन करीन. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्रातूनच कवी ना. वा. टिळक आले, १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे ते आमच्या नगरला राहिले, आणि ख्रिस्तालाही त्यांनी माउली म्हणूनच आळवलं. मी काही मुलींना आधी काही महिने ‘आईसारखी माया करणाऱ्या देवा’ म्हणायला सांगते. पिता त्याने रागावत नाही.

चांगला बाप लेकरांना कुणाच्या हाती सोपवतो, हे पंडिता रमाबाईंच्या साक्षीत वाचायला मिळतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी दुष्काळात मरताना रमाबाईंना जवळ घेऊन सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलंय, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. तेव्हा त्यांच्या घरात कोणी ख्रिस्ती नव्हतं. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात केडगावला रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली आणल्या. ‘पितृहीनांचा पिता’ हे अडुसष्टाव्या स्तोत्रातलं नाव त्यांनी नुसतं वाचलं नाही, त्या मुलींना जेवायला घालून खरं करून दाखवलं.

उत्तर येत नाही तेव्हा

पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने ‘अब्बा, बापा’ म्हणूनच मागितलं, हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख आणि मरण, माझ्यापासून दूर कर. तो दूर झाला नाही. सर्वांत लाडक्या पुत्राची मागणी अशी परत आली, तेव्हा तुमची मागणी परत आली म्हणजे तुम्ही नावडत्या ठरलात असं समजू नका. वधस्तंभावर आधी ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असं ओरडणं आहे, आणि शेवटी ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो.’ दोन्ही एकाच तोंडातून. म्हणून तक्रार करायची. तेरावं स्तोत्र काढून मोठ्याने वाचायचं: ‘हे परमेश्वरा, हे कोठवर? तू मला सर्वकाळ विसरशील काय?’ सहाच वचनं आहेत, कितीही थकलेल्या माणसाला जमतात.

आणि दुसऱ्याच्या दुःखाच्या घरी गेलात तर इब्री १२ वाचून दाखवू नका. पिता ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिस्त लावतो, हे खरं. पण ते ज्याने त्याने स्वतःच्या मनाशी म्हणायचं आहे. बाळ दगावलेल्या बाईच्या खाटेपाशी उभं राहून ‘देवाने तुला शिक्षा केली’ म्हणणारे नातेवाईक मी वॉर्डातून बाहेर काढलेत. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं? येशू म्हणाला, याचंही नाही, याच्या आईबापांचंही नाही. तिथे फक्त हात धरून बसा, आणि भात-वरण घेऊन जा.

आता जे स्वतः बाप आहेत त्यांच्यासाठी. तुमची लेकरं ‘हे आमच्या पित्या’ म्हणायला तुमच्याकडे बघूनच शिकतायत. ‘बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका,’ असं इफिसकरांस पत्रात आहे. घरच्या प्रार्थनेला बसण्याआधी त्या दिवशी पोरावर विनाकारण ओरडला असाल तर सगळ्यांसमोर त्याची माफी मागा, मगच बायबल उघडा. निजायच्या वेळी त्याच्या डोक्यावर हात ठेवून, नाव घेऊन, एक वाक्याची प्रार्थना करा. परीक्षेत मार्क कमी पडले असतील त्या रात्री तर चुकवूच नका. आणि प्यायलेले असाल तर त्या रात्री प्रार्थना घ्यायला बसू नका. बायकोला घेऊ द्या, आणि सकाळी उठून दारू सोडवण्याच्या केंद्राचा नंबर लावा.